पुढची खोली आणि साठ फ्रेम

भुजंगने लग्नानंतर तीन धंदे केले आणि तिन्ही बंद केले. त्यातला एकही बुडाला नव्हता. गिऱ्हाईक त्याच्या मनातून उतरायचं, आणि मग धंदा बंद व्हायचा. मंठ्यात बसस्टँडच्या रस्त्याला त्याचं घर, पुढची खोली रस्त्यावर. तिथे त्याने आधी पाण्याच्या जळालेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळून, म्हणजे मोटारी भरून द्यायचं काम सुरू केलं. शेतकरी मोटार जाळून आणतात आणि 'आपोआप जळली' म्हणतात, या एका वाक्याचा त्याला इतका तिटकारा आला की पुढे पुढे तो मोटार न बघताच माणसाला परत पाठवू लागला. मग एसटीडी बूथ टाकला. लोक फोनमध्ये ओरडतात हे त्याला सहन होईना. "आवाज तारेतून जातो बाबा, तुमच्या बोंबलण्यानं न्हाई जात," असं त्याने एका म्हाताऱ्याला सुनावलं, तर तो मार्केट यार्डातल्या हमालांचा मुकादम निघाला. सगळे हमाल दुसऱ्या बूथवर जाऊ लागले. भुजंगला त्याचं वाईट वाटलं नाही. लग्नाचे फोटो काढण्याचा तिसरा धंदा तर दोनच लग्नसराया टिकला. नवरा-नवरी खांबासारखे उभे राहतात, हे कारण.

बेबीनंदा त्याची बायको. हसनाबादची. दहावी झालेली, भोकरदनला शिवणकाम शिकलेली, माहेराहून शिलाईमशीन घेऊन आलेली. नवऱ्याचा राग येणं तिचं केव्हाच बंद झालं होतं. दारावर भांडी विकायला आलेल्या माणसाचं जसं आपण ऐकून घेतो आणि काही घेत नाही, तसं ती त्याचं ऐकून घ्यायची. तो सकाळी चहा पिता पिता गावाची लायकी काढायचा. ती कप उचलायची आणि म्हणायची, "बशी द्या." एवढंच. पण ते 'बशी द्या' ती अशा आवाजात म्हणायची की मधल्या खोलीत जप करणाऱ्या सासूबाईंची माळ क्षणभर थांबायची.

दोन हजार सहा साली भुजंगने कॅमेरा विकला आणि औरंगाबादच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर घरी आणला. पुढच्या खोलीत गेम सेंटर उघडलं. बंदुकीचा गेम. तासाच्या हिशेबाने पोरं येऊन खेळायची, बाकीची मागे उभी राहून बघायची. धंदा बरा चालत होता, आणि बरा चाललेला धंदा भुजंगला कधी सोसला नव्हता.

झालं असं की, एकदा एक वायर आणायला तो औरंगाबादला गेला आणि तिथल्या एका मोठ्या गेम सेंटरात शिरला. तोच गेम तिथेही होता. पण इथे माणूस पळत होता. भुजंगच्या मशीनवर तो पळायचा नाही, टपाटपा उड्या मारायचा. पडद्यावर एका सेकंदात चित्रं किती बदलतात त्याचा आकडा कोपऱ्यात पिवळ्या अक्षरात दिसतो, त्याला फ्रेम म्हणतात, हे त्याला तिथे कळलं. तिथला आकडा होता साठ. आपल्याकडे बावीस-तेवीस असतो, असं भुजंग प्रामाणिकपणे बोलून गेला, तर गल्ल्यावरचा पोऱ्या खुर्ची न फिरवता म्हणाला, "भाई, तुम्हारे यहाँ गेम चलता कि अल्बम पलटते?"

त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने तो परतला तो निराळाच माणूस होऊन. आधी तो फक्त मंठ्याला नावं ठेवायचा. आता तेवीस फ्रेमवर खूश असणाऱ्या सगळ्या दुनियेला ठेवू लागला. पोरं खेळत असताना मागे उभा राहून म्हणायचा, "खेळा, खेळा. तुमच्यासाठी हेच बराबर हाय." मशीनच्या डब्याला कुणी सीपीयू म्हटलं तर त्याला घरी पाठवायचा. "त्याला कॅबिनेट म्हणतात. सीपीयू आत असतो. धोतराला कुणी माणूस म्हणतं का?" पोरांची संख्या घटली. उरलेली पोरं भुजंगची मजा बघायला यायची.

त्याचा एक भक्त मात्र पक्का होता. रामकिसन. त्याचं खताचं दुकान होतं, आणि भुजंग बोलायला लागला की तो तोंड उघडं ठेवून ऐकायचा. बेबीनंदा त्याला मनातल्या मनात 'पोतं' म्हणायची. भरून ठेवलेलं, तोंड शिवायचं राहिलेलं.

आता घराची रचना सांगायला हवी. एकामागे एक अशा तीन खोल्या. पुढची रस्त्यावरची. मधल्या खोलीत सासूबाई साखराबाई आणि घरातला एकुलता कूलर. मागच्या खोलीत स्वयंपाक, ज्वारीच्या कोठ्या आणि कोठ्यांना चिकटून बेबीनंदाचं शिलाईमशीन. तिथे उजेड नाही. पण उजेड नसणं एक वेळ चाललं असतं. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायांना पुढच्या खोलीतून यावं लागायचं, आणि तिथे पोरं 'मार, मार, डोक्यात घाल' करत ओरडत असायची. शेजारची गिरिजाबाई एकदा कापड काखेत घेऊन उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथूनच वळली. वाटेत बेबीनंदा भेटली तेव्हा म्हणाली, "नंदे, तुझ्या हातची शिलाई चांगली, पण तुझ्या घरात शिरायचं म्हंजी लढाईतून जायचं. तू पुढं बसली तर चार पोरी क्लासला धाडते बघ मी."

तेव्हापासून बेबीनंदाला पुढची खोली हवी होती. दुसरं काही नको होतं तिला. रस्त्याकडचा उजेड, उघडं दार, आणि आत येताना कुणा बाईला पदर सावरायला लागू नये एवढी शांतता.

पाडव्याच्या सकाळी, गुढी उभारून झाल्यावर, तिने तो विषय काढला.

"अहो, पोरं येईनाशी झालीत. खोली मोकळीच असती. मला द्या."

"मोकळी?" भुजंग म्हणाला. "अगं, मी मशीन अपग्रेड करून राह्यलो. रॅम टाकली, कार्ड आणून राह्यलो. एकदा का साठचा आकडा आला की जालन्याहून पोरं येतील इथं."

"येतील की. मंठ्याचं तिकीट फुकट हाय ना."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"न्हाई कळत. पण तुमचं मला बराबर कळतं. मोटारी झाल्या, फोन झाला, फोटो झाले."

साखराबाई देवघरापुढे बसल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याने, आबारावांनी, मेंढरं विकून हे घर बांधलं होतं. त्या म्हातारीला घरात भांडण चालायचं, पण सणाच्या दिवशी नाही. त्यांनी खंडोबाच्या टाकासमोरचं ताट ओढलं. "भुजंग्या, नंदे, दोघंबी इकडं या. बेल-भंडार उचला आन् एकदाचं ठरवा. रोज उठून माझ्या कानाशी कटकट नको."

त्या घरात बेल-भंडार उचलून दिलेला शब्द कुणी मोडत नसे. मेंढरांच्या वाटणीपासून सोयरिकीपर्यंत सगळं त्यावर चालत आलेलं. भुजंगने बेलाचं पान आणि चिमूटभर हळद मुठीत धरली. आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी, सगळ्यांसमोर या मशीनवर साठचा आकडा दिसला नाही तर पुढची खोली हिची, आणि आपण तोंडातून शब्द काढणार नाही, असं तो बोलला. मग बेबीनंदाने मूठ धरली. आकडा दिसला तर खोलीचं नाव काढणार नाही, तोपर्यंत मशीनला हात लावणार नाही, त्यांच्या आड येणार नाही. साखराबाईंनी दोघांच्या कपाळाला भंडारा फासला आणि पुरणाला बसा म्हणाल्या.

पुढचे पंधरा-वीस दिवस भुजंग खरंच राबला, हे मान्य करायला हवं. औरंगाबादहून त्याने जुनं ग्राफिक्स कार्ड आणलं. ते कार्ड बसवल्यावर जुना वीजपुरवठ्याचा डबा त्याला पुरेना, म्हणून तोही बदलला. प्रोसेसरवरचं वाळून गेलेलं मलम खरवडून नवं लावलं. तो जमिनीवर उकिडवा बसून तोंडात स्क्रू धरायचा, रामकिसन बॅटरी धरायचा. प्रत्येक बदलानंतर आकडा थोडा वर सरकायचा. चौतीस. एक्केचाळीस. पन्नासच्या आसपास. एक गुण भुजंगमध्ये होता आणि तो बेबीनंदालाही नाकारता येत नव्हता. तो आकडा जसा असेल तसा वाचायचा. रामकिसन उत्साहाने 'पंचावन्नच झाले की' म्हणाला, तर भुजंग त्याच्यावर डाफरायचा, "त्रेपन्न हाय. डोळे हायेत का बटनं?"

पण एप्रिल लागला तशी मंठ्याची हवा तापली. पत्र्याखालच्या त्या खोलीत दुपारी हात लावाल ते गरम. मशीन सुरू केलं की आकडा पन्नासवर चढायचा आणि थोड्याच वेळात उतरणीला लागायचा. प्रोसेसर तापला की तो आपणहून हळू चालतो, भुजंगने रामकिसनला समजावलं. "शहाणं यंत्र हाय. माणसासारखं न्हाई, तापलं की अजून जोरात बोलायला."

"मंग भुजंगभाऊ, माणूस तापला तर आपण काय करतो?" रामकिसनने विचारलं.

भुजंगने त्याच्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं.

त्या दुपारी मधल्या खोलीतला कूलर पुढच्या खोलीत आला. भुजंगने कॅबिनेटची एका बाजूची पत्र्याची झाकणी काढून टाकली, उघडी बाजू मधल्या दाराकडे केली, आणि दाराशी कूलर ठेवून त्याचं तोंड थेट त्या उघड्या पोटात सोडलं. वाळ्याचा वास खोलीभर पसरला. मशीन घरातल्या पाहुण्यासारखं गार वाऱ्यात बसलं. आकडा चढत गेला, चढत गेला आणि साठाला टेकला. रामकिसनने टाळ्या वाजवल्या. भुजंगने डोळे पुसले. घाम असेल.

"आत्याबाई, कूलर गेला," बेबीनंदाने आत येऊन सासूबाईंना सांगितलं.

"कुठं?"

"तुमच्या नातवाला वारा घालायला."

लेकरं तिने उन्हाळ्याची हसनाबादला धाडली होती, नाहीतर साखराबाईंना खरंच नातू वाटला असता. म्हातारीच्या पाठीवर घामोळ्या उठल्या. त्या सुपाने वारा घेत बसायच्या आणि पुढच्या खोलीकडे बघून लेकाला अशा शिव्या द्यायच्या की त्यात कुठलाही शब्द वाईट नसायचा. "गुणी हाय माझं लेकरू. लोखंडाची सेवा करून राह्यलं. आईची काय, ती तं मरणारच हाय."

कूलरमध्ये पाणी भरण्याचं काम बेबीनंदाकडे आलं. आड यायचं नाही असं ठरलं होतं, त्यामुळे तिला नाही म्हणता येईना. "बाद्ली भर, पाणी संपून राह्यलं," भुजंग पडद्यावरची नजर न हटवता म्हणायचा. ती बोअरच्या नळाखाली बादली लावायची आणि आणून ओतायची. पिण्याचं नळाचं गोडं पाणी आठवड्यातून एकदा यायचं. ते कूलरमध्ये ओतायचा विचारही मंठ्यात कुणी केला नसता. बोअरचं पाणी खारं. त्याने भांड्यावर डाग पडतात, नळाच्या तोटीला चुन्यासारखा थर बसतो, डाळ शिजत नाही. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ज्या खिडकीत कूलर ठेवतात तिचे गज दर उन्हाळ्यात पांढरे होतात आणि बायका ते चिंचेने घासतात. भुजंगने जन्मात कधी गज घासले नव्हते.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी बादली ओतताना तिचं लक्ष मशीनच्या उघड्या पोटात गेलं. जुन्या वाळ्यातून वाऱ्याबरोबर बारीक तुषार उडत होते आणि आतल्या हिरव्या पाटीवर, पंख्याच्या पात्यांवर, एक पांढुरका पापुद्रा धरू लागला होता. तिच्या आरशावर धरतो तसाच. रस्त्याची धूळही त्यातच येऊन बसत होती. दिवसेंदिवस त्याचा चिखल होत गेला आणि चिखलाचा गिलावा.

भुजंगची खुर्ची दुसऱ्या बाजूला होती. त्याला दिसत होता फक्त पडदा, आणि पडद्यावर फक्त कोपरा.

ती रोज बघायची. एकदा तोंडापर्यंत शब्द आले होते. तेवढ्यात भुजंग रामकिसनला सांगत होता, "आमच्या घरात ही गोष्ट कुणाला सांगायची? म्हातारी घामोळ्या मोजती, बायको बादल्या मोजती." रामकिसन हसला. बेबीनंदाने बादली पूर्ण रिकामी केली, बुडाशी राहिलेलं पाणीही झटकून ओतलं, आणि आत गेली. मशीनला तिने हात लावला नव्हता. ती आडही आली नव्हती.

आखितीच्या सकाळी घरात आमरसाचा वास होता आणि लाईट नव्हती. लाईट अकराच्या सुमाराला यायची. भुजंगने अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. लाईट आली तसा तो मशीनसमोर बसला. मंडळी जमायच्या आधी एकदा बघून घ्यावं, असा त्याचा विचार असावा. बेबीनंदा नेहमीची बादली घेऊन दाराशी आली तेव्हा तिने पडद्याकडे पाहिलं. आकडा छत्तीस होता. मग चौतीस. भुजंगच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्याने कूलरचा वेग वाढवला, मशीन बंद करून चालू केलं, डब्यावर थापटी मारली. आकडा हलेना. मग तो गेममधल्या एका अंगणात पळत गेला आणि एका लाल विटांच्या भिंतीला नाक लावून उभा राहिला. नुसती भिंत. दुसरं काही दिसत नाही, माणूस नाही, आभाळ नाही. आकडा टणकन उडाला. साठ. त्याने माऊस जरा हलवला, आकडा खाली. परत भिंत, परत साठ. मग त्याने माऊसवरचा हात काढून घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला.

बेबीनंदाला फ्रेममधलं काही कळत नव्हतं. पण एवढं कळलं की ज्या ओझ्याने मशीन वाकत होतं ते याने काढून ठेवलं आणि आता डोक्यावर रिकामी टोपली घेऊन ताठ उभा आहे. तिच्या मनात त्याच्याविषयी जी काही उरलीसुरली माया होती, तिलाही त्या क्षणी किळस आली. मोटारी सोडल्या, फोन सोडला, फोटो सोडले, ते सगळं गावाच्या नावावर खपून गेलं. पण खंडोबाच्या भंडाऱ्यापुढे माणूस भिंत दाखवणार?

साखराबाई ताट घेऊन बाहेर आल्या. बेल, भंडारा, वाटीत साखर. रामकिसन दुकान उघडं टाकून आला होता. ओट्यावर गिरिजाबाई उभी राहिली, आत यावं की नाही अशी.

"दिसला का आकडा?" साखराबाईंनी विचारलं. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं आणि चष्मा लावून मशीनकडे बघणं त्यांना पटत नव्हतं.

"साठ, मावशी! बिलकुल साठ!" रामकिसन ओरडला.

"भुजंग्या, तू सांग."

"साठ हाय," भुजंग म्हणाला. तो पडद्याकडे बघून म्हणाला, आईकडे नाही.

साखराबाईंनी साखरेची वाटी उचलली. बेबीनंदा दाराशी उभी होती. आपण बोललो नाही तर संपलं, हे तिला दिसत होतं. गिरिजाबाईच्या चार पोरी, रस्त्याचा उजेड, सगळं त्या वाटीबरोबर वाटलं जाणार होतं.

"तोंड फिरवा," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचं न्हाई. त्याचं, आतल्या माणसाचं. रोज तं पळत असतो, आज भिंतीला कामून चिटकलाय? देवाधर्माचा दिवस म्हणून हवा खात थांबला का?"

रामकिसन हसायला लागला आणि मधेच थांबला. भुजंग हलला नाही.

"भुजंग्या," साखराबाई म्हणाल्या, "ताट समोर हाय."

भुजंगने माऊसवर हात ठेवला. भिंत बाजूला सरकली, अंगण उघडलं, मागे कमानी आणि आभाळ आलं, दोन माणसं उड्या मारत आडवी गेली. कोपऱ्यातला आकडा घरंगळत आला. मागून बघणाऱ्या रामकिसनलाही तो दिसत होता. भुजंगनेच वाचला. "पस्तीस," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, कुणी विचारलं नसताना, "चौतीस."

मग तो उठला, टेबलाला वळसा घालून मशीनच्या उघड्या बाजूला आला आणि खाली वाकला. त्याने बोट घालून प्रोसेसरच्या पंख्याखालचा एक तुकडा काढला. पांढरा, भिंतीच्या पोपड्यासारखा.

"अरारा," रामकिसन म्हणाला. "भुजंगभाऊ, हे तं आमच्या बोअरच्या टाकीवानी झालं. आतून."

भुजंगने तो तुकडा तळहातावर धरला आणि बायकोकडे पाहिलं. "तू तं इथूनच पाणी ओतत होती."

"हो."

"तुला दिसलं न्हाई?"

"दिसलं."

"मंग बोलली कामून न्हाई?"

"हात लावायचा न्हाई आन् आड यायचं न्हाई, असं ठरलं होतं," बेबीनंदा म्हणाली. "बोलायचं कुठं ठरलं होतं?"

हे वाक्य तिने आठ दिवस तयार करून ठेवलं होतं. मनात म्हणताना ते फार नेमकं वाटायचं. आता ओट्यावर गिरिजाबाई, मागे रामकिसन, समोर भंडाऱ्याचं ताट, आणि तिला ते ऐकताना असं वाटलं की हा आवाज आपण या घरात कुठेतरी ऐकला आहे. भुजंग भिंतीला नाक लावून 'साठ हाय' म्हणाला होता, त्याच चालीचा.

साखराबाईंनी आधी लेकाकडे पाहिलं. ती नजर घरात सगळ्यांच्या ओळखीची होती. मग त्याच नजरेने, काही कमी न करता, त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"एकानं देवाला भिंत दाखवली, एकीनं देवापुढं तोंड शिवलं," त्या म्हणाल्या. "खोली हिची. शबुद तसाच होता. आन् आधी माझा कूलर आत नेऊन ठेवा, मंग साखर खायची का माती ते तुमचं तुम्ही बघा." वाटी तशीच घेऊन त्या आत गेल्या. साखर त्या दिवशी कुणालाच मिळाली नाही.

रामकिसन आणि भुजंगने कूलर उचलला. बेबीनंदाने मधे पडलेली वायर बाजूला केली. जाताना रामकिसनने वाकून म्हटलं, "येतो वहिनी," आणि तो पहिल्यांदाच तिला भ्यायल्यासारखा दिसला. गिरिजाबाई ओट्यावरूनच निघून गेली. पण दोन दिवसांनी कापड घेऊन आली, सरळ पुढच्या खोलीत, आणि इकडेतिकडे बघत बसली. "केवढा उजेड गं," म्हणाली. पोरी धाडल्या तिने. चार म्हणाली होती, तीन आल्या.

भुजंगचं मशीन ज्वारीच्या कोठ्यांजवळ गेलं. त्याने ते घासून पुसून स्वच्छ केलं, ब्रश मारला, पण एकदा खारवलेली पाटी पूर्वीसारखी चालेना. आकडा चाळिसावर येऊन थांबला. दिलेल्या शब्दाप्रमाणे खोलीबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. बाकी सगळ्यांबद्दल काढला. मंठ्याचं पाणीच असं, त्या पाण्यावर माणसं तरी कशी निघणार, असं तो चहाच्या वेळी म्हणायचा. बेबीनंदा 'बशी द्या' म्हणायची. फरक एवढाच पडला होता की आता साखराबाई दोघांशीही एकाच आवाजात बोलायच्या. "नंदे, पाणी आण," त्या म्हणायच्या, आणि त्या तीन शब्दांत बेबीनंदाला ती लाल विटांची भिंत दिसायची. खोली मिळाल्याचा आनंद तिला होताच. तो तिने शिलाईमशीनवर बसून उपभोगायचा असं ठरवलं होतं, आणि दुपारभर ती तेच करायची.

एका दुपारी पोरी गेल्यावर ती एका ब्लाउजला बाही जोडत होती. भुजंग दारात येऊन उभा राहिला. खोलीत यायला त्याला कुणी मना केलं नव्हतं, पण तो उंबऱ्यावरच थांबायचा. थोडा वेळ त्याने चाक फिरताना पाहिलं. मग तो आत आला, उकिडवा बसला, आणि मान वाकडी करून खालचा चामड्याचा पट्टा बघू लागला.

"हा पट्टा सैल हाय," तो म्हणाला. "निम्मी ताकद वाया जाती."

बेबीनंदाचा पाय चालूच होता.

"मिनिटाला टाके किती पडतात?"

"मोजले न्हाई."

"मोजले न्हाई?" भुजंगने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर जुनी तुच्छता हळूहळू परत येत होती, आणि तिच्याबरोबर थोडी तरतरीही. "अगं, एवढी वर्षं चालवून राह्यली आन् टाके मोजले न्हाई? ह्याला एक छोटी मोटार बसवली ना, तर..."

"हात लावू नका," बेबीनंदा म्हणाली. बाही तिने पूर्ण केली, धागा दाताने तोडला, नवं कापड सुईखाली सरकवलं. तो अजून खालीच बसलेला होता, पट्ट्याला हात न लावता, नुसता बोट जवळ नेऊन.

तिने पाय जरा जोरात दाबला. खटखट खटखट आवाज वाढला. भुजंगचे ओठ हलत होते. तो मोजत होता.